मुलं शेवटपर्यंत पाहतील असा व्हिडिओ पाठ कसा तयार करावा?



आपल्यापैकी बरेच जण आता मोबाईलवर व्हिडिओ पाठ तयार करतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण सगळेच घाईघाईने कॅमेऱ्यासमोर उभे राहिलो. कोणी खिडकीच्या गजाला मोबाईल बांधला, कोणी डब्यावर डबा ठेवून स्टँड केला. शाळा पुन्हा भरल्या, पण व्हिडिओ करण्याची सवय राहिली, आणि ती चांगलीच सवय आहे. गैरहजर राहिलेल्या मुलाला राहिलेला भाग घरी पाहता येतो, आणि वर्गात विचारायला लाजणाऱ्या मुलीला तोच भाग तीन वेळा ऐकता येतो.

पण एक प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारत नाही. आपला व्हिडिओ मुलं पाहतात तरी किती वेळ?

मी हा प्रश्न उशिराच विचारला. अपूर्णांकावर माझा बावीस मिनिटांचा एक व्हिडिओ होता. सगळा घटक एकाच व्हिडिओत बसवला म्हणून मला त्याचं मोठं कौतुक होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "किती जणांनी पाहिला?" बरेच हात वर आले. मग विचारलं, "शेवटी मी कोणतं उदाहरण दिलं होतं?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांनी व्हिडिओ उघडला होता, पण शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

आपल्याकडच्या घरांचा विचार केला की हा प्रश्न आणखी महत्त्वाचा वाटतो. पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. मिरचीचा हंगाम सुरू झाला की अनेक घरांतली मोठी माणसं दिवसभर तोडणीत नाहीतर बाजारात असतात आणि घरातला एकुलता एक मोबाईल त्यांच्या खिशात असतो. लेकराच्या हातात तो येतो संध्याकाळी, अर्धा तास, आणि त्यातही भावंडांचा वाटा असतो. म्हणजे आपल्या व्हिडिओच्या वाट्याला मुलाची दहा-पंधरा मिनिटंच येतात. ती वाया घालवायची नाहीत, या एकाच विचाराने हा लेख लिहिला आहे.

१) मुलं पाहणं कुठे थांबवतात ते आधी शोधा

व्हिडिओखाली 'व्ह्यूज'चा आकडा दिसतो. तो किती वेळा व्हिडिओ पाहायला सुरुवात झाली एवढंच सांगतो. युट्यूबलाही या आकड्याचा अपुरेपणा जाणवला होता. २०१२ मध्ये त्यांनी व्हिडिओ सुचवण्याच्या पद्धतीत बदल केला आणि नुसत्या क्लिकपेक्षा 'वॉच टाइम' म्हणजे पाहण्यात गेलेल्या वेळेला जास्त वजन दिलं.

आपल्या चॅनेलसाठी ही माहिती 'युट्यूब स्टुडिओ' या मोफत अ‍ॅपमध्ये मिळते. व्हिडिओ निवडा, 'अ‍ॅनालिटिक्स' उघडा आणि 'ऑडियन्स रिटेन्शन'चा आलेख पाहा. आडव्या रेषेवर व्हिडिओचा वेळ असतो आणि उभ्या रेषेवर त्या क्षणी टिकून असलेल्या प्रेक्षकांचं प्रमाण. फारच कमी जणांनी व्हिडिओ पाहिला असेल तर हा आलेख दिसत नाही. अशा वेळी वर्गात चार मुलांना जवळ बसवून विचारलं तरी चालतं.

आलेख वाचायचा कसा? चार खुणा लक्षात ठेवा.

• सुरुवातीलाच मोठी घसरण : थंबनेलवर जे सांगितलं ते लगेच मिळालं नाही किंवा प्रस्तावना लांबली.
• मध्येच अचानक खड्डा : त्या ठिकाणी विषय सुटला, आवाज बिघडला किंवा तेच ते पुन्हा सांगितलं गेलं. कधीकधी मुलांना तो भाग आधीच येत असतो, म्हणून ती पुढे सरकवतात.
• मध्येच उंचवटा : तो भाग मुलांनी मागे नेऊन पुन्हा पाहिला.
• सपाट रेषा : जे थांबले आहेत ते मन लावून पाहत आहेत.

यातला उंचवटा शिक्षकाने जपून वाचायचा असतो. करमणुकीच्या व्हिडिओत उंचवटा म्हणजे 'भारी जमलंय'. आपल्या पाठात त्याचा अर्थ 'इथं कळलं नाही' असाही असू शकतो. भागाकारात हातचा भाग कसा उतरवला ते दिसण्याआधीच मी फळा पुसला असेल, तर मूल तिथं मागे जाणारच. म्हणून उंचवटा दिसला की तो भाग दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा घ्यावा.

एक साधा हिशोबही करून पाहा. समजा, १२ मिनिटांचा व्हिडिओ मुलं सरासरी ३ मिनिटं पाहतात, म्हणजे २५ टक्के. ५ मिनिटांचा व्हिडिओही सरासरी ३ मिनिटं पाहतात, म्हणजे ६० टक्के. मिनिटं दोन्हीकडे तेवढीच आहेत. पण पहिल्या व्हिडिओत मूल मुद्द्यापर्यंत पोहोचलंच नाही, दुसऱ्यात निम्म्याहून पुढे गेलं.

२) अभ्यास काय सांगतो?

या विषयावरचा एक गाजलेला अभ्यास २०१४ चा आहे. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन या तिघांनी 'एडएक्स' या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरचे चार अभ्यासक्रम घेतले आणि व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. त्यातून निघालेल्या काही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

• व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याचा मधला (मध्यक) वेळ फार तर सहा मिनिटांपर्यंतच जात होता.
• नुसत्या स्लाइडपेक्षा अधूनमधून शिक्षकाचा चेहरा दिसणारे व्हिडिओ मुलं जास्त वेळ पाहत होती.
• महागड्या स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा समोर बसून आपुलकीने बोलल्यासारखे साधे व्हिडिओ बऱ्याचदा जास्त टिकत होते.
• हाताने लिहीत, आकृती काढत शिकवलेलं तयार स्लाइडपेक्षा जास्त पाहिलं जात होतं.
• वर्गातल्या तासाचं चित्रीकरण करून त्याचे तुकडे पाडले, तर ते व्हिडिओ तेवढे टिकत नव्हते. व्हिडिओसाठी वेगळी तयारी लागते.

शेवटचा मुद्दा मला फार लागला. माझा अपूर्णांकाचा व्हिडिओ म्हणजे वर्गातला तासच होता, फक्त समोर वर्ग नव्हता.

हे निष्कर्ष जसेच्या तसे उचलायचे नाहीत, कारण ते विद्यार्थी मोठे होते, महाविद्यालयीन पातळीचे होते. आपली चौथी-पाचवीतली लेकरं वेगळी. आणि या अभ्यासात किती वेळ पाहिलं ते मोजलं होतं, किती शिकलं ते नव्हे. हा फरक विसरू नका, पुढे आपल्याला तो लागणार आहे.

३) कीर्तनकार काय करतो ते पाहा

लोकांना धरून ठेवण्याची विद्या आपल्याकडे नवीन नाही. सप्ताहात रात्री कीर्तनाला बसलेली माणसं आठवा. दिवसभर रानात राबून आलेली असतात, जेवण झालेलं असतं, डोळ्यांवर झोप असते. तरीही दोन तास जागची हलत नाहीत. का?

पहिलं कारण, कीर्तनाला एकच अभंग असतो. तो सुरुवातीला सांगितला जातो आणि निरूपण कितीही लांब फिरलं तरी पुन्हा त्याच अभंगापाशी येतं. नारदीय कीर्तनात तर याची सरळ रचनाच आहे. पूर्वरंगात मूळ पदाचं निरूपण, उत्तररंगात त्याला साजेसं आख्यान आणि शेवटी पुन्हा मूळ पद. आख्यान रंगतं, पण ते पदासाठी असतं. आपल्या पाठालाही असा एकच 'अभंग' हवा, म्हणजे एका व्हिडिओत एकच प्रश्न.

दुसरं कारण, श्रोता नुसता ऐकत नाही. टाळकरी साथ देतात, मध्येच गजर होतो, सगळे टाळ्या वाजवतात. लोक पेंगायला लागले असं दिसलं की बुवा चाल बदलतात, नाहीतर गजर घेतात. आपल्या व्हिडिओतही दर दीड-दोन मिनिटांनी मुलाच्या हाताला काम हवं. "थांबव. वहीत लिही. मग पुढे जा."

तिसरं कारण, बुवांना समोरचे चेहरे दिसतात. आपल्याला व्हिडिओ करताना दिसत नाहीत. म्हणून तो रिटेन्शनचा आलेख हाच आपल्या श्रोत्यांचा चेहरा समजायचा.

४) पहिला अर्धा मिनिट

आपले बहुतेक व्हिडिओ असे सुरू होतात :

"नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, मी अमुक अमुक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, केंद्र अमुक, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. आज आपण इयत्ता सहावीच्या इतिहासातील प्राचीन काळातील व्यापार हा घटक अभ्यासणार आहोत. त्याआधी चॅनेलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबा…"

त्याच्याही आधी दहा सेकंद फिरणारा लोगो आणि संगीत. एवढ्यात पाऊण मिनिट गेलं आणि मुलाला अजून काहीच मिळालं नाही. ही माहिती साहेबांसाठी असते, मुलासाठी नसते. ती व्हिडिओखालच्या वर्णनात लिहा.

आता तोच पाठ असा सुरू करून पाहा :

"इटलीत पाँपेई नावाचं शहर होतं. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडलं गेलं. १९३८ साली तिथं खणताना एका घरात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंच. ती मूर्ती तिथली नव्हती, भारतातली होती! आणि तशीच एक हस्तिदंती मूर्ती सापडली आपल्या भोकरदनच्या उत्खननात. मग सांगा, समुद्रापलीकडच्या घरात ही मूर्ती गेली कशी?"

वीस-पंचवीस सेकंदांत मुलाच्या मनात प्रश्न बसला. आता व्यापारी मार्ग, बंदरं, सातवाहन काळ हे सगळं त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येईल. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, व्यापारी मार्गावरचं नगर. पाँपेईची ती मूर्ती याच भागात घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. मुलांना सांगताना 'असावी' हा शब्द गाळू नका. मूर्ती आज इटलीत नेपल्सच्या संग्रहालयात आहे, हे व्हिडिओच्या शेवटी सांगा.

इथे एक नियम पाळायचा. सुरुवातीला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्याच व्हिडिओत द्यायचं. थंबनेलवर 'भोकरदनचं रहस्य, पाहून थक्क व्हाल' असं लिहायचं आणि आत पुस्तकातला उताराच वाचायचा, ही फसवणूक आहे. मूल एकदा फसतं, दुसऱ्यांदा उघडतच नाही. आणि ते आपलं विद्यार्थी असेल, तर व्हिडिओबरोबर आपल्यावरचाही विश्वास थोडा कमी होतो.

५) पाच मिनिटांचा एक पूर्ण नमुना

आता गणिताचा नमुना पाहूया. घटक : शेकडेवारी. भाव काल्पनिक आहेत, आपल्या गावाप्रमाणे बदला.

*० ते २५ सेकंद : प्रश्न.* हातात हिरव्या मिरच्या घेऊन बोला. "सोमवारी मिरची ४० रुपये किलो होती. मंगळवारी भाव २५ टक्क्यांनी उतरला. बुधवारी पुन्हा २५ टक्क्यांनी चढला. मग बुधवारचा भाव किती? आबा म्हणाले, 'जेवढा उतरला तेवढाच चढला, म्हणजे ४०.' आबांचं बरोबर आहे का?"

*२५ ते ४० सेकंद : मुलाचा अंदाज.* "थांबव. वहीत 'हो' किंवा 'नाही' लिही." पडद्यावर फक्त हे दोन शब्द ठेवा. अंदाज लिहिला की तो बरोबर निघतो का, हे पाहायला मूल थांबतंच.

*४० सेकंद ते २ मिनिटं : उतरलेला भाव.* कागदावर लिहीत चला. ४० चे २५ टक्के म्हणजे १० रुपये. ४० वजा १०, मंगळवारचा भाव ३० रुपये. इथे सावकाश जा, आणि १० रुपये हे 'चाळीसचे' २५ टक्के आहेत हे अधोरेखित करा.

*२ ते ३ मिनिटं : चढलेला भाव.* "आता २५ टक्के कशाचे? ४० चे की ३० चे? थांबव आणि लिही." ३० चे २५ टक्के म्हणजे साडेसात रुपये. बुधवारचा भाव ३७ रुपये ५० पैसे.

*३ ते ४ मिनिटं : कारण.* "अडीच रुपये गेले कुठं?" हा या पाठाचा गाभा आहे. टक्के नेहमी कशाचे तरी असतात. उतरताना ते चाळीसचे होते, चढताना तिसाचे. तीस ही रक्कम लहान, म्हणून तिचे २५ टक्केही लहान. किलोमागे अडीच रुपये, म्हणजे एका क्विंटलला २५० रुपये. ज्याच्या घरी मिरची आहे त्या लेकराला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

*४ ते ५ मिनिटं : परत सुरुवातीला.* "आबा म्हणाले होते ४०. आता तू त्यांना काय सांगशील?" मूल स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगेल एवढा वेळ द्या. मग शेवटचा प्रश्न : "३० वरून पुन्हा ४० वर यायला भाव किती टक्क्यांनी चढायला हवा? करून आण, उद्या वर्गात पाहू."

उत्तर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के. ते व्हिडिओत सांगू नका. व्हिडिओचा शेवट वहीत आणि वर्गात व्हायला हवा, पुढच्या व्हिडिओत नव्हे.

या नमुन्यात विनोद नाही, संगीत नाही, उडणारी अक्षरं नाहीत. तरी मूल थांबतं, कारण आबा चुकले की नाही हे त्याला कळून घ्यायचं असतं.

६) चित्रीकरणाच्या साध्या गोष्टी

चित्र थोडं अंधुक असलं तर मुलं चालवून घेतात, पण आवाज नीट नसेल तर लगेच बंद करतात. म्हणून आधी आवाज सांभाळा.

• पंखा बंद करा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथं चादर, सतरंजी, गोधडी जे असेल ते भिंतीला टांगा.
• मोबाईल दूर ठेवायचा असेल तर कॉलरला लावायचा साधा माईक घ्या. कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी माईकवर करा.
• खिडकी तुमच्या समोर असावी, पाठीमागे नको. नाहीतर चेहरा काळा दिसतो.
• अक्षर एवढं मोठं काढा की लहान मोबाईलवर हात लांब करूनही वाचता येईल.
• पडद्यावरचं वाक्य शब्दन्‌शब्द वाचून दाखवू नका. पडद्यावर आकृती किंवा दोन शब्द असू द्या आणि तोंडाने समजावून सांगा.
• पाठीमागचं संगीत काढून टाका. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी चित्र आणि शब्द एकत्र वापरून शिकण्यावर अनेक वर्षं संशोधन केलं. विषयाशी संबंध नसलेली सजावट, संगीत, गमतीची चित्रं यांनी शिकणं कमी होतं, हे त्यांनी दाखवून दिलं.
• मुलांचे चेहरे दाखवायचे असतील तर पालकांची परवानगी आधी घ्या. हात आणि वही दाखवूनही काम होतं.

भाषेबद्दलही सांगतो. कॅमेरा सुरू झाला की आपण अचानक बातम्या दिल्यासारखे बोलू लागतो. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी' चॅनेलवरच्या आजी, स्वयंपाक सांगताना घरात बोलतात तसंच बोलतात आणि लोक प्रेमाने पाहतात. व्याख्या प्रमाण भाषेत असू द्या. ती समजावताना मात्र वर्गात बोलता तसंच बोला.

७) खरी मोजणी वर्गात

आता त्या फरकाकडे येऊ. जास्त वेळ पाहिलं म्हणजे जास्त समजलं का?

माझा अनुभव सांगतो. आलेख सुधारायचा म्हणून मी एका व्हिडिओत बऱ्याच गमती घातल्या. विज्ञानाचा पाठ होता, मध्ये मध्ये विनोद, चित्रविचित्र आवाज, एक छोटी नक्कल. आलेख छान सपाट आला आणि मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी वर्गात नक्कल सगळ्यांना पाठ होती. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' या प्रश्नाला मात्र तेच दोन-तीन नेहमीचे हात वर आले. मुलांना मी पडद्यासमोर बसवून ठेवलं होतं, शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडतो : आलेख, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं. यातून चार शक्यता निघतात.

• पाहिलं आणि समजलं : असाच पुढचा पाठ करा.
• पाहिलं पण समजलं नाही : गंमत जास्त झाली, किंवा मुलाच्या हाताला काम दिलं नाही.
• पाहिलं नाही तरी येतंय : तो भाग मुलांना आधीच येत होता. व्हिडिओची गरज नव्हती.
• पाहिलं नाही आणि समजलंही नाही : आधी चौकशी करा. मोबाईल मिळाला होता का? नेट होतं का? मग सुरुवात तपासा.

तिसरी आणि चौथी शक्यता आलेखात कधीच दिसत नाही. ज्या मुलाच्या हातात मोबाईल आलाच नाही, ते त्या रेषेत नसतं. त्याची आठवण शिक्षकानेच ठेवायची.

इथेच शिक्षकाचा व्हिडिओ आणि कमाईसाठीचा व्हिडिओ वेगळे होतात. कमाईचा व्हिडिओ संपला की लगेच दुसरा सुरू व्हावा, माणूस पडद्यावरच राहावा, असा त्याचा हिशोब असतो. आपला व्हिडिओ संपला की मुलाने मोबाईल ठेवून पेन्सिल उचलावी. पाच मिनिटांचा पाठ शेवटपर्यंत पाहून मूल वहीकडे वळलं तर आपण जिंकलो. 'जास्त वेळ' हे आपलं उद्दिष्ट नाही. आपल्याला हवं ते 'शेवटपर्यंत, आणि मग बंद'.

आपल्या राज्यात याची चांगली उदाहरणं आहेत. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पुस्तकातले पाठ घरातल्या आणि परिसरातल्या कृतींतून शिकता यावेत, असा तिचा प्रयत्न होता. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत पुस्तकातले क्यूआर कोड वापरत होते. त्या कल्पनेतली मला आवडलेली गोष्ट ही की व्हिडिओ पुस्तकाच्या पानाला चिकटलेला असतो. मूल पानावरून व्हिडिओकडे जातं आणि पुन्हा पानावर येतं.

८) पालकांसाठी चार ओळी

आई-बाबा, आजी-आजोबा, तुम्हाला गणित किंवा इंग्रजी येत नसलं तरी चालेल. एवढंच करा :

• पाठ लावून देताना लेकराजवळ वही-पेन्सिल आहे का ते पाहा.
• जमलं तर पहिली दोन मिनिटं शेजारी बसा.
• पाठ संपला की 'ऑटोप्ले' बंद आहे ना, ते बघा. नाहीतर शेकडेवारीनंतर आपोआप दुसरंच काहीतरी सुरू होतं.
• मग विचारा, "काय होतं त्यात? मला सांग की." सांगता आलं तर समजलं. नाही आलं तर वहीत खूण करून शाळेत पाठवा, पुढचं आम्ही पाहू.

आपल्यासाठी स्वाध्याय

शिक्षक मित्रांनो, या आठवड्यात नवीन व्हिडिओ करू नका. जुना एक घ्या आणि एवढं करून पाहा.

१. त्याचा आलेख उघडा आणि पहिली मोठी घसरण कितव्या सेकंदाला आहे ते लिहा.
२. त्या क्षणी तुम्ही काय बोलत होता ते ऐका.
३. संपूर्ण व्हिडिओचा एकच प्रश्न एका ओळीत लिहा. लिहिता आला नाही, तर त्यात दोन-तीन व्हिडिओ दडले आहेत. वेगळे करा.
४. तो प्रश्न पहिल्या पंचवीस सेकंदांत येईल अशी नवी सुरुवात लिहा.
५. मुलाने कुठे थांबायचं आणि काय लिहायचं, अशा दोन जागा ठरवा.
६. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायचे तीन प्रश्न आधीच तयार ठेवा.

मी माझा बावीस मिनिटांचा अपूर्णांकाचा व्हिडिओ असाच मोडला. त्यातून चार छोटे पाठ निघाले, आणि सात-आठ मिनिटं तर सरळ फेकून द्यावी लागली. ती फेकताना वाईट वाटलं. पण मग विचार केला, ही सात-आठ मिनिटं मी दिवसभर वाट पाहून मोबाईल मिळालेल्या एखाद्या लेकराची घेत होतो. आता ती त्याला परत मिळाली.